साखळीवरचा क्रमांक आणि नोंदवहीतली सही

वाचकांचे प्रश्न : कामाची जागा आणि कायदा

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची असल्यामुळे या वेळचे सदर त्या विषयालाच दिले आहे. कारखान्यात जड माल उचलणारी आणि दाबाखाली चालणारी उपकरणे ठरावीक मुदतीत तपासून घ्यावी लागतात, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्या तपासणीची नोंद कशी ठेवायची आणि प्रत्यक्ष उपकरणावर काय लिहिलेले असायला हवे, याबाबत मालक आणि कामगार या दोघांच्याही मनात गोंधळ दिसतो. उत्तरांतील कलमांचे क्रमांक कारखाने अधिनियम, १९४८ चे आहेत. नव्या कामगार संहितेचा खुलासा शेवटच्या उत्तरात केला आहे.

प्रश्न : आमचा फॅब्रिकेशनचा कारखाना असून २६ कामगार आहेत. ५ टनांची एक क्रेन, तीन चेन ब्लॉक (साखळी ओढून माल उचलण्याची यंत्रे) आणि लहानमोठ्या मिळून सुमारे ४० स्लिंग (ओझे बांधून हुकाला अडकवायच्या साखळ्या किंवा दोर) व शॅकल (जोडणीच्या कड्या) आमच्याकडे आहेत. दर वर्षी एक एजन्सी येऊन सगळे तपासते, प्रत्येक वस्तूवर तारखेचा स्टिकर लावते आणि बिल देते. शिवाय आम्ही दर तिमाहीला स्लिंगांना वेगळा रंग मारतो. असे असूनही निरीक्षकांनी ‘नोंद नाही’ असा शेरा मारला. एवढी काळजी घेऊनही आमचे काय चुकले?
— एक लघुउद्योजक, नाशिक

उत्तर : आपण काळजी घेता यात शंका नाही, पण कायद्याने जे मागितले आहे ते आपल्याकडे नाही आणि जे आपल्याकडे आहे ते कायद्याने मागितलेले नाही. कलम २९ मध्ये स्टिकरचा उल्लेख नाही आणि रंगाचाही नाही. क्रेन, विंच, पुली ब्लॉक यांसारखी उचलणारी यंत्रे आणि त्यांच्यासोबत वापरले जाणारे साखळी, दोर, स्लिंग, हुक, शॅकल, क्लॅम्प हे सारे सामान बारा महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून बारकाईने तपासून घेणे, त्या प्रत्येक तपासणीचा तपशील नोंदवहीत ठेवणे, आणि प्रत्येक वस्तूवर तिचा सुरक्षित कार्यभार (म्हणजे ती सुरक्षितपणे पेलू शकेल असे कमाल ओझे) व ओळखचिन्ह स्पष्ट दिसेल असे उमटवून तीच माहिती नोंदवहीतही लिहिणे, अशी या कलमाची मागणी आहे. माल व माणसे वर-खाली नेणाऱ्या लिफ्टसाठी कलम २८ वेगळे असून तिथे तपासणीची मुदत सहा महिन्यांची आहे आणि लिफ्टवरही कमाल सुरक्षित भार ठळक लिहावा लागतो.

‘सक्षम व्यक्ती’ या शब्दाकडे आधी पाहू, कारण आपल्या पत्रात नेमका तोच मुद्दा सुटला आहे. अनुभवी फिटर किंवा स्लिंग विकणारा व्यापारी केवळ जाणकार असल्यामुळे सक्षम व्यक्ती ठरत नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये अधिनियमात जी दुरुस्ती झाली, तिने या शब्दाची व्याख्या घातली : शैक्षणिक पात्रता, अनुभव आणि तपासणीची साधने पाहून मुख्य निरीक्षकाने मान्यता दिलेली व्यक्ती किंवा संस्था म्हणजे सक्षम व्यक्ती. महाराष्ट्रात ही मान्यता औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून, म्हणजे आपण सगळे ज्याला ‘डिश’ म्हणतो त्या कार्यालयाकडून दिली जाते. मान्यतापत्रावर ती कोणत्या कलमाखालच्या तपासणीसाठी आहे आणि तिची मुदत कधी संपते, हे नमूद असते. आपल्या एजन्सीकडून या पत्राची प्रत मागून घ्या आणि दाबपात्रांसाठी, म्हणजे दाबाखाली चालणाऱ्या टाक्यांसाठी, मान्यता असलेला माणूस क्रेनच्या अहवालावर सही करीत नाही ना, हे तारखेसह पडताळून पाहा.

आता ओळखचिन्हाविषयी, कारण सगळी भिस्त त्याच्यावर आहे. मी कारखाना निरीक्षणाच्या नोकरीत असताना एका कारखान्यात स्टोअरच्या दाराशी खुंट्यांवर टांगलेल्या स्लिंगांपैकी दोन सहज खाली काढल्या. अंगठ्याने ग्रीस पुसून पत्र्याचे बिल्ले वाचले, तर दोन्हींवर १७ हाच आकडा होता. नोंदवहीत मात्र सतरा क्रमांकाची एकच स्लिंग होती, दोन टनांची, तपासून योग्य ठरवलेली. हातातल्या दोघींपैकी एक कोरी करकरीत होती, तर दुसरीच्या कड्या जिथे एकमेकींवर घासतात तिथे झिजून पार बारीक झाल्या होत्या. स्टोअरकीपर प्रामाणिक माणूस होता. त्याने सांगितले की जुनी भंगारात काढायची ठरली म्हणून तिचा नंबर नवीला दिला, आणि जुनी काढायची राहून गेली. दोघींवरही त्या तिमाहीचा हिरवा रंग होता, कारण रंग मारणाऱ्या पोराने खुंटीवर दिसेल त्या प्रत्येक स्लिंगला ब्रश लावला होता. त्या दिवशी सकाळच्या पाळीत त्यांतली कोणती वापरली गेली, हे कोणालाच सांगता आले नाही.

म्हणून नियम असा पाळा की एक क्रमांक आयुष्यभर एकाच वस्तूचा राहील आणि ती मोडीत निघाली की तो क्रमांकही तिच्याबरोबर संपेल. मोडीत काढलेली स्लिंग कोपऱ्यात टाकून ठेवू नका. ती त्याच दिवशी कापा आणि कापल्याची तारीख नोंदवहीत त्या क्रमांकासमोर लिहा. क्रमांक ठोकताना भार पेलणाऱ्या कडीवर किंवा हुकाच्या वाकणावर पंच मारू नये, कारण तिथूनच चीर सुरू होण्याचा धोका असतो. त्यासाठी स्लिंगच्या वरच्या मुख्य कडीत अडकवलेला धातूचा बिल्ला उत्तम. कागदी स्टिकर तेल-ग्रीसमध्ये महिनाभरही टिकत नाही आणि तो सोलून दुसऱ्या वस्तूवर सहज लावता येतो. रंग मारण्याची पद्धत मात्र चालू ठेवायला हरकत नाही. कोणती वस्तू यंदा तपासली गेली हे लांबून कळण्यासाठी ती उपयोगी आहे; फक्त नोंदवहीत तपासणीची ओळ भरल्यावर, त्या क्रमांकाच्या वस्तूलाच रंग लागला पाहिजे आणि ब्रश एकाच जबाबदार माणसाच्या हाती असला पाहिजे.

नोंदवही म्हणजे एजन्सीच्या अहवालांची फाईल नव्हे. तिच्यात प्रत्येक वस्तूचे वर्णन व ओळखचिन्ह, ती कारखान्यात प्रथम वापरात आली ती तारीख, पहिल्या चाचणीच्या प्रमाणपत्राचा क्रमांक व दिनांक आणि ते देणाऱ्याचे नाव, त्यानंतरच्या प्रत्येक तपासणीची तारीख व ती कोणी केली, आणि सुरक्षित भारावर परिणाम करणारा दोष आढळला असल्यास तो कोणता व त्यावर काय केले, एवढे यायला हवे. यातला शेवटचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चाळीस वस्तू, सलग पाच वर्षे आणि दोषाच्या रकान्यात प्रत्येक ओळीला ‘निरंक’, अशी नोंदवही पाहिली की तपासणी खरोखर झाली का, अशी शंका कोणत्याही जाणत्या माणसाला येते. रोज वापरात असलेले सामान झिजतेच. त्यामुळे दोषाची नोंद आढळली म्हणून निरीक्षक आपल्याला दोषी धरतील ही भीती मनातून काढून टाका. दोष आढळून त्यावर केलेली कारवाई लिहिलेली असेल, तर ती नोंद आपल्या बाजूनेच बोलते.

आपण नवी स्लिंग खरेदी करता तेव्हा आणखी एक गोष्ट लागते. तागाचे व इतर धाग्यांचे दोर सोडले तर कोणतेही उचलण्याचे यंत्र किंवा सामान, चाचणी व तपासणी होऊन सुरक्षित कार्यभार नमूद केलेले सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय प्रथम वापरात घ्यायचे नसते. दुकानदाराच्या बिलावर ‘२ टन’ लिहिलेले असणे हे प्रमाणपत्र नव्हे. लहान शॅकलवर भार ठळक लिहिणे खरोखरच शक्य नसेल, तर कलमाने पर्याय दिला आहे : कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या व मापाच्या सामानाचा सुरक्षित भार दाखवणारा तक्ता ठळक ठिकाणी लावावा. हा तक्ता मॅनेजरच्या केबिनमध्ये लावून उपयोग नाही. जिथून स्लिंग उचलली जाते तिथे, मराठीत आणि आपल्याकडचे कामगार हिंदी वाचणारे असतील तर हिंदीतही, लावा. दोन पायांच्या स्लिंगसाठी त्यात कोनानुसार भार द्या. एक टनाचे ओझे दोन्ही पाय सरळ खाली असताना प्रत्येक पायावर अर्धा टन ताण देते, आणि तेच पाय पसरून आडव्या रेषेशी ३० अंशांवर आले की प्रत्येक पायावर पूर्ण एक टनाचा ताण येतो. हे आकडे भिंतीवर डोळ्यांसमोर असले की रिगर, म्हणजे ओझे बांधून उचलणारा कामगार, स्लिंग लांब घ्यायची की आखूड, याचा विचार करतो.

प्रश्न : मी एका मोठ्या कारखान्यात रिगरचे काम करतो. चेन ब्लॉकच्या हुकाची लॅच महिन्यापूर्वी तुटली आहे. सुपरवायझरांना सांगितले तर ते म्हणतात, ‘तपासणी झालेली आहे, पुढची तारीख मार्चची आहे, स्टिकर बघ.’ तपासणीचे रजिस्टर आम्हाला पाहायला मिळत नाही. आणि ऑडिट जवळ आले की मागच्या तीन महिन्यांच्या चेकलिस्टवर आमच्याकडून एका दिवसात सह्या घेतल्या जातात. नकार दिला तर कामावरून त्रास होतो. मी काय करावे?
— एक कामगार, कोल्हापूर

उत्तर : आपले पत्र वाचून फार अस्वस्थ झालो. हुकाची लॅच ही बोटभर लांबीची, स्प्रिंगवर चालणारी पट्टी. पण दोर सैल पडला की स्लिंग हुकातून निसटू न देण्याचे काम तीच करते. ती तुटल्यापासून त्या ब्लॉकखाली आपण आणि आपले सहकारी रोज उभे राहत आहात.

सुपरवायझरांचे म्हणणे कायद्याला धरून नाही. वार्षिक तपासणीचे प्रमाणपत्र त्या दिवशी वस्तू कशी होती एवढेच सांगते. पुढील तारीख ही तपासणी लांबवण्याची शेवटची मर्यादा आहे. तोपर्यंत वस्तू चांगली राहील अशी ती हमी नाही. कलम २९ मध्ये बारा महिन्यांच्या तपासणीखेरीज ही यंत्रे व सामान नीट राखण्याचे बंधन स्वतंत्रपणे घातले आहे आणि ते वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस लागू असते. त्यामुळे लॅच तुटलेला ब्लॉक त्याच क्षणी बाजूला काढून त्यावर ‘वापरू नये’ अशी पाटी अडकवायला हवी होती आणि दुरुस्तीची नोंद त्याच्या क्रमांकासमोर व्हायला हवी होती. ‘बारकाईने तपासणी’ या शब्दांचा अर्थही कलमातच दिला आहे : परिस्थितीनुसार शक्य तितक्या काळजीने केलेली, गरज पडल्यास इतर साधनांची जोड दिलेली आणि आवश्यक तर भाग सुटे करून केलेली दृश्य तपासणी. खाली उभे राहून वर पाहत केलेली तपासणी या व्याख्येत बसत नाही.

रजिस्टरबाबत आपला हक्क स्पष्ट आहे. कामाच्या ठिकाणी आपल्या आरोग्य व सुरक्षिततेशी संबंधित माहिती भोगवटादाराकडून, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा असलेल्या व्यक्तीकडून, मिळवण्याचा आणि सुरक्षा व्यवस्था अपुरी असल्यास थेट निरीक्षकाकडे म्हणणे मांडण्याचा अधिकार कलम १११-अ ने कामगाराला दिला आहे. ज्या ब्लॉकखाली आपण काम करता त्याचा तपासणी तपशील ही तशीच माहिती आहे. मागणी तोंडी करू नका. कारखान्याच्या व्यवस्थापकांच्या नावे साधे पत्र लिहा. त्यात ब्लॉकचा क्रमांक, तो कोणत्या शेडमध्ये आहे, लॅच कधीपासून तुटली आहे आणि कोणाला कधी सांगितले, एवढेच लिहून पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. कारखान्यात सुरक्षा समिती असेल तर कामगारांच्या बाजूच्या सदस्याला एक प्रत द्या. एवढे करूनही ब्लॉक वापरातच राहिला तर डिशच्या स्थानिक कार्यालयात लेखी तक्रार करा. तक्रार कोणी केली हे गुप्त ठेवण्याचे बंधन कलम ११८-अ ने निरीक्षकावर घातले आहे, म्हणून तक्रारीतच ‘माझे नाव उघड करू नये’ असे एक वाक्य त्या कलमाचा उल्लेख करून लिहा.

मागच्या तारखेच्या सह्यांबद्दल माझे मत ठाम आहे : त्या करू नका. जी वस्तू आपण त्या दिवशी पाहिली नाही ती पाहिली असे लिहून देणे खोटी नोंद आहे, आणि उद्या त्याच ब्लॉकखाली कोणाचा जीव गेला तर सर्वांत आधी पुढे येणारा कागद आपल्या सहीचा असेल. सरळ नकार देणे जड जात असेल तर आजची तारीख घाला, आज प्रत्यक्ष जे पाहिले तेच लिहा, शेऱ्याच्या जागी ‘लॅच तुटलेली आहे’ असे नोंदवा आणि मग सही करा. शक्य असेल तर त्या पानाचा फोटो जवळ ठेवा. आपल्याला होणाऱ्या त्रासाची मला कल्पना आहे. म्हणून ही गोष्ट एकट्याने न करता त्या शेडमधल्या चौघा-पाच जणांनी मिळून करावी, असे मी आवर्जून सांगतो.

प्रश्न : आमच्या कारखान्यात कॉम्प्रेसरची हवेची टाकी आहे. तिच्यावर काय लिहिलेले असावे आणि तपासणी कधी करावी? तसेच अग्निशामक सिलिंडरवरचे कार्ड भरले की पुरेसे होते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : वातावरणाच्या दाबापेक्षा अधिक दाबावर चालणारी उपकरणे कलम ३१ मध्ये येतात, सुरक्षित कार्यदाब ओलांडला जाऊ नये हा त्या कलमाचा गाभा आहे. महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ नुसार अशा पात्राची बाहेरून तपासणी दर सहा महिन्यांनी, आतून दर बारा महिन्यांनी आणि पाण्याच्या दाबाची चाचणी दर चार वर्षांनी करावी लागते. हे अहवालही सक्षम व्यक्तीचेच लागतात आणि विहित नमुन्यात लागतात. टाकीवर निर्मात्याची मूळ पट्टी वाचता येईल अशी असावी. दिवाळीच्या रंगकामात टाकीबरोबर पट्टीही रंगवून टाकलेली मी असंख्य ठिकाणी पाहिली आहे. रंगाऱ्याला काम सांगतानाच तिच्यावर टेप लावून घ्या. दाबमापकाच्या तबकडीवर कमाल परवानगीच्या दाबाशी ठळक लाल खूण असायला हवी. ती काचेवर रेघ ओढून करू नका, कारण काच फिरली की खूणही फिरते.

अग्निशामकांवरचे कार्ड आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘बी फॉर्म’ म्हणतात, दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत सादर करावे लागते. कार्डावरची तारीख आणि त्या प्रमाणपत्राची तारीख एकमेकींशी जुळते का, हे पाहा.

प्रश्न : नव्या कामगार संहिता आल्यामुळे कारखाने अधिनियम रद्द झाला, मग जुन्या नोंदवह्या कशाला, असे आमचे सल्लागार म्हणतात. आमच्याकडे विजेवर चालणारी यंत्रे असून कामगार १२ आहेत. आम्हाला यातले काय लागू होते?
— एक उद्योजिका, सातारा

उत्तर : व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० ही इतर तीन संहितांबरोबर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे हे खरे. परंतु संक्रमणकाळात जुन्या कायद्यांखालचे नियम, नमुने व आदेश, संहितेशी विसंगत नसतील तेवढे, चालूच राहतील असे केंद्र सरकारने तेव्हाच स्पष्ट केले आहे. सुरक्षा तपासणीच्या नोंदी ठेवणे संहितेशी विसंगत मुळीच नाही. म्हणून नोंदवही बंद करण्याचा सल्ला मानू नका. जुनी नोंदवही जपून ठेवा आणि राज्याचे नवे नियम लागू होऊन नमुना बदलला तर नव्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर जुनीचा संदर्भ द्या. क्रमांक मात्र तेच ठेवा.

विजेवर चालणारा उद्योग असल्यास २० आणि विजेशिवाय असल्यास ४० कामगार ही संहितेतील कारखान्याची मर्यादा आहे. महाराष्ट्राने ती राज्यापुरती २०१५ मध्येच स्वीकारली होती. त्या हिशेबाने आपला उद्योग कारखाना ठरत नाही. मात्र १० किंवा अधिक कामगार असलेली जागा संहितेच्या दृष्टीने ‘आस्थापना’ असते, आणि इजा किंवा आजार होऊ शकेल अशा धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवण्याचे कर्तव्य आस्थापनेच्या मालकावरही आहे. ते कर्तव्य पाळले न गेल्यामुळे अपघातात मृत्यू झाला, तर दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान ५ लाख रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होऊ शकते, आणि दंडाच्या निदान निम्म्या रकमेची भरपाई वारसांना देण्याचा निर्देश न्यायालय करू शकते. आपण कर्तव्य पाळले हे दाखवण्यासाठी अशा वेळी आपल्या हाती तपासणीची नोंद हाच सर्वांत भक्कम पुरावा असेल.

बारा माणसांच्या वर्कशॉपला जाडजूड रजिस्टर लागत नाही. दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक उपकरणाला एक पान द्या, वर त्याचा क्रमांक आणि सुरक्षित भार लिहा, तपासणीचा अहवाल आला की त्याच दिवशी तारीख व दोष नोंदवून सही करा. वही यंत्रांपाशीच ठेवा, म्हणजे ज्याला दोष दिसेल त्याला तिथल्या तिथे लिहिता येईल.